तिसऱ्या वर्षाची पाठवणी

महोत्सवातून फोन आला तेव्हा मी एक लग्न एडिट करत बसलो होतो. नवरीच्या मावशीनं कॅमेऱ्याकडे बघून व्हॅलेन्सियातल्या मुलाला निरोप दिला होता आणि देता देता ती रडायला लागली होती. ते रडणं ठेवावं की काढावं हे मला ठरवता येत नव्हतं. फोनवरची मुलगी म्हणाली, "काका, तुमचा माहितीपट निवडलाय आम्ही." मी तिला परत विचारलं, कोणाचा म्हणून.

कोचाबांबाजवळच्या पुनाता गावाच्या आसपास माझा हाच धंदा आहे. लग्नं, बारशी, गावच्या संताची जत्रा. इथली निम्मी माणसं स्पेनला नाहीतर अर्जेंटिनाला गेली आहेत. मागं राहिलेले नाचता नाचता कॅमेऱ्यासमोर येतात, हात हलवतात, तिकडच्यांची नावं घेतात. ते सगळं कापून जोडून मी तिकडे पाठवतो. सेवेरो झुरिता हे माझं नाव फारसं कोणी घेत नाही. लोक मला व्हिडिओवाला म्हणतात.

माझी बायको कासिमिरा माझ्याबरोबर यायची. ती दिवा धरायची. उजेड कुठं टाकायचा हे तिला सांगावं लागत नसे. एखादा माणूस फार प्यायला, किंवा एखादी बाई खरं रडून झाल्यावर आता नुसती कॅमेऱ्यासाठी रडतेय असं दिसलं, की ती मागून माझ्या पाठीवर दोन बोटांनी टकटक करायची. म्हणजे पुरे. मी कॅमेरा खाली करायचो.

तिची मूत्रपिंडं गेली आणि मग ती गेली. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही.

आमच्यात माणूस गेलं की तीन वर्षं त्याचं टेबल मांडतात. नोव्हेंबरच्या एक तारखेला दुपारी बारा वाजता जीव घरी येतो आणि दुसऱ्या दिवशी बारा वाजता परत जातो. त्याच्यासाठी टेबलावर पावाच्या बाहुल्या ठेवायच्या, वर चढून जायला पावाची शिडी, हातात धरायला ऊस, वाटेत पाणी प्यायला कांद्याची पोकळ पात, आणि त्याला आवडायचं ते जेवण. ओळखीची, अनोळखी, कोणीही माणसं दारात येतात, टोपी काढतात आणि विचारतात, "कोणाच्या नावानं?" घरच्यांनी नाव सांगायचं. मग ती प्रार्थना म्हणतात आणि घरच्यांनी त्यांना पाव द्यायचा. जितक्या प्रार्थना होतील तितकी जिवाची वाट सोपी होते. दुसऱ्या दिवशी बाराला गुडघ्यावर बसून निरोप द्यायचा आणि टेबल उचलायचं. तिसऱ्या वर्षीचा निरोप शेवटचा. पुढच्या वर्षापासून त्या माणसासाठी वेगळं टेबल नाही, सगळ्यांच्या नावानं जे होतं त्यातच ते आलं.

पहिल्या दोन वर्षांची टेबलं मी शूट केली होती. त्या दिवसांत हातात काहीतरी असणं मला गरजेचं होतं, एवढंच. मग कोचाबांबात एक मोफत शिबिर झालं, तिथं मी ते दाखवलं, आणि शिकवणाऱ्यांनी मला त्याची फिल्म करायला लावली. तीच निवडली गेली होती.

फोनवरच्या मुलीचं नाव हिमेना. ती ला पाझची, महोत्सवाचं सगळं बघायची. भेटायला कोचाबांबाला गेलो तर ती मला म्हणाली, "काका, तुमची फिल्म दोन तारखेलाच ठेवलीय. आणि मला एक सुचलंय. तिसरं टेबल इथंच थिएटरच्या दालनात मांडलं तर? फिल्म सकाळी दाखवू. ती संपली की सगळे प्रेक्षक बाहेर येतील आणि बाराला आपण सगळे मिळून निरोप देऊ. त्या वेळी कॅमेरेही लावू. तुमच्या फिल्मचा शेवट तिथं होईल."

मी जागच्या जागी हो म्हणालो. ज्या बाईला विचारायला हवं होतं तिची आठवण मला परतीच्या वाटेवर आली.

ती म्हणजे मामाय, माझी सासू गुमेर्सिंदा. आमच्याकडे सासूला आईच म्हणतात. कासिमिराचं टेबल तिच्याच घरी मांडलं जायचं आणि पावही तीच भाजायची.

"थिएटरात?" ती म्हणाली. "पोरगी वर्षातून एकदा येते, ती घर सोडून सिनेमाला जाईल का?"

"एक तारखेला ती घरीच येईल ना. इथं तिला घेऊ. मग टेबल उचलून तिकडे नेऊ. लोक दुसऱ्या दिवशी टेबल दफनभूमीत नेतातच की."

"दफनभूमीत ती स्वतः आहे. थिएटरात तिचं कोण आहे?"

"माणसं आहेत, मामाय. शेकड्यांनी. गेल्या वर्षी आपल्या दारात किती आले?"

हे मी मुद्दाम विचारलं होतं. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या बहुतेक घरांना कुलूप होतं. जे आले ते म्हातारे, त्यातल्या एकाला गुडघ्यावर बसल्यावर उठता येईना. टोपल्या भरून पाव उरले. बरेच दिवस ते तसेच ठेवून शेवटी मामायनं ते कोंबड्यांना घातले आणि कोंबड्या खाताना बघून ती रडली. लेकीला पुरताना सुद्धा ती तशी रडली नव्हती.

"ती शहरातली माणसं प्रार्थना म्हणतील?" तिनं विचारलं.

"म्हणतील की."

"नक्की?"

"पाव दिसला की म्हणतील."

"आणि बाराला तू असशील?"

"मी नसेन तर कोण असणार?"

"आपलं विचारलं. डोळ्याला कॅमेरा लागला की तू कुठं असतोस ते तुलाच ठाऊक नसतं."

एक तारखेला बाराला आम्ही कासिमिराला घरात घेतलं. तिच्यासाठी पापालिसा बटाट्यांचं तिखट कालवण केलं होतं. जेवण तिच्यासमोर थोडा वेळ राहू दिलं आणि मग सगळं एका मिनीबसमध्ये भरलं. मामाय पुढं बसली. मांडीवर फोटो, फोटोवर काळा रुमाल. सगळ्या वाटेत ती लेकीला रस्ता सांगत होती, चुकू नये म्हणून.

"कासी, हे बघ, आंगोस्तुराचं धरण आलं. आता उजवीकडं वळतोय. घाबरू नको, हा ड्रायव्हर असाच चालवतो."

"आजी," ड्रायव्हर म्हणाला, "तिला म्हणावं पुढं पोलीस दिसला तर मला सांग. तिला वरून दिसत असेल."

"ती वर नाही, इथं आहे, माझ्या शेजारी. आणि तू समोर बघ. मला एवढ्यात तिच्याकडं जायचं नाही."

थिएटरच्या दारात हिमेनानं मामायला मिठी मारली आणि माझ्या गळ्यात ओळखपत्र घातलं. त्यावर माझं पूर्ण नाव होतं आणि खाली दिग्दर्शक असं छापलं होतं. मी ते शर्टाच्या वर, दिसेल असं ठेवलं.

"हे काय?" मामाय म्हणाली.

"मी कोण आहे ते लिहिलंय."

"आमच्याकडं हे बैलाला घालतात. हरवला तर परत आणून देतात."

टेबल मांडताना हिमेनाची दोन माणसं मदतीला होती. चांगली होती पोरं. फक्त उजेडासाठी त्यांनी शिडी बाजूला सरकवली, कारण तिची सावली फोटोवर पडत होती. मग चिचाची, म्हणजे मक्याच्या दारूची, बादली टेबलाखाली ढकलली, कारण ती प्लास्टिकची होती आणि शॉटमध्ये बरी दिसत नव्हती. मामाय माझ्याकडे बघत होती. मी काहीतरी बोलावं अशी तिची अपेक्षा होती. मी म्हणालो, "फोटो अजून थोडा डावीकडं घेतला तर?"

संध्याकाळी माणसं आली. खरंच खूप आली, मी मामायला खोटं सांगितलं नव्हतं. टेबलाभोवती गर्दी झाली, लोकांनी फोन काढले, एकमेकांना पावाच्या बाहुल्यांचे चेहरे दाखवले. एका बाईनं मामायला तिच्याबरोबर फोटो काढू का म्हणून विचारलं. मामायनं रुमाल नीट केला आणि फोटो काढू दिला. मग पाव उचलून हातात धरला आणि वाट बघत राहिली. ती बाई आता विचारेल, कोणाच्या नावानं. बाई म्हणाली, "फारच सुंदर!" आणि आत फिल्म बघायला गेली.

पुढच्यानंही तेच केलं. त्याच्या पुढच्यानंही. मामाय दर वेळी टोपलीतून पाव उचलायची आणि परत ठेवायची.

"हे विचारत का नाहीत?" ती मला म्हणाली. "मुके आहेत का?"

"लाजत असतील."

"मग तू सांग त्यांना. तुझ्या गळ्यात पाटी आहे."

मी म्हणालो, सांगतो. तेवढ्यात हिमेना मला बोलवायला आली. ब्युनोस आयर्सच्या एका मोठ्या महोत्सवाचा माणूस आला होता, नव्या दिग्दर्शकांच्या फिल्म निवडणारा, आणि त्याला मला भेटायचं होतं. महोत्सवाचं जेवण होतं, तिथं चला म्हणाली. जिवाला रात्री एकटं सोडत नाहीत. मामाय टेबलापाशी बसून राहिली आणि मी जेवायला गेलो. त्या माणसानं माझ्या ताटात स्वतःच्या हातानं मांस वाढलं आणि मला विचारलं, पुढची फिल्म कशावर करणार. आजवर मला असं कोणी विचारलं नव्हतं. मी खूप बोललो.

सकाळी मामाय खुर्चीवर तशीच होती. अंगावर तिकीट खिडकीवरच्या बाईची शाल होती.

"काही प्रार्थना झाल्या?" मी विचारलं.

"हिनं म्हटली," ती शाल दाखवत म्हणाली. "आणि बाहेर गाड्या लावतो तो माणूस आहे, त्यानं म्हटली. बिचाऱ्यानं दोनदा म्हटली." टोपल्या जवळजवळ भरलेल्याच होत्या.

"आता फिल्म संपली की सगळे बाहेर येतील, मामाय. गुडघ्यावर बसतील. बघच तू."

"तू बाहेर ये म्हणजे झालं. लोकांचं मला काही नाही आता."

आधीच्या फिल्मचा आवाज बिघडला होता, तो नीट होईपर्यंत माझी फिल्म उशिरा लागली. मी पहिल्या रांगेत बसलो. हॉल भरलेला होता. पडद्यावर आमचं घर आलं, आमची भट्टी आली. पहिल्या वर्षीच्या टेबलासमोर मामाय उभी होती. मी शूट करतोय म्हटल्यावर तिनं नेहमीच्या सवयीनं कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला होता आणि स्पेनमधल्या मुलाशी बोलायला लागली होती. "विल्बेर, बाळा, हे बघ तुझ्या बहिणीचं टेबल. सगळ्यात मोठी बाहुली तुझ्या नावची ठेवलीय. तिथं थंडी आहे ना? माझं गुडघ्याचं मलम संपलंय, ते पाठव."

हॉल हसला. चांगलं, मोकळं हसला. ती बाई त्या दिवशी मला हसण्यासारखी दिसली नव्हती. पण शेजारी हिमेना हसत होती, पलीकडे ब्युनोस आयर्सचा माणूस हसत होता. मी सुद्धा हसलो.

दिवे लागले तेव्हा टाळ्या बराच वेळ चालल्या. हिमेनानं मला स्टेजवर नेलं, माईक दिला आणि म्हणाली, "आपल्याकडे थोडाच वेळ आहे, बाराला आपण सगळे बाहेर टेबलापाशी जाणार आहोत." मी समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघितलं. वेळ होता.

लोकांनी साधे प्रश्न विचारले. कॅमेरा कुठला, किती दिवस लागले. मग एक मुलगी म्हणाली, "तुमच्या सासूबाई फार गोड आहेत. त्यांच्याबद्दल अजून सांगा ना." मला लोकांचं ते हसणं परत ऐकायचं होतं. मी त्यांना उरलेल्या पावांची आणि कोंबड्यांची गोष्ट सांगितली. कोंबड्या कशा तुटून पडल्या, मामाय त्यांना कशी ओरडत होती की निदान एक तरी प्रार्थना म्हणा. हे तिनं म्हटलंच नव्हतं, ते मी जोडलं. ती रडली हे सांगितलं नाही. हॉल इतका हसला की माईक खाली घेऊन मला थांबावं लागलं.

मग ब्युनोस आयर्सचा माणूस उभा राहिला. त्यानं विचारलं, "निरोपाचा क्षण तुमच्यासाठी काय असतो?"

प्रश्न चांगला होता. मला त्याचं उत्तर येत होतं. मी सांगायला लागलो की बाराच्या आधी घर कसं शांत होतं, सगळ्यात जवळच्या माणसानं पुढं कसं बसायचं, फोटोकडे बघून जे वर्षभर बोलायचं राहिलं ते कसं बोलायचं. तो क्षण चुकवून चालत नाही, असं मी म्हणालो. नंतर बोलून उपयोग नसतो, कारण ऐकणारं गेलेलं असतं. हॉलमध्ये कोणी हलत नव्हतं. एका बाईनं डोळे पुसले. इतकं नीट मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

मागचं दार उघडलं आणि बाहेरचा उजेड आत आला. दारात एक माणूस उभा होता, टोपी हातात धरून. गाड्या लावणारा. त्यानं मला हात केला. मी त्याला ओळखलं. तो कशाला आला तेही मला कळलं. मी घड्याळाकडे बघितलं नाही. बोलणं न थांबवता मी मोकळा हात वर करून त्याला तळवा दाखवला, जसं शूटिंगच्या वेळी मध्ये येणाऱ्याला दाखवतो. थांब जरा. तो थोडा वेळ उभा राहिला आणि मग दार बंद झालं.

पाठीवर टकटक करायला माझ्या मागं कोणीच नव्हतं. मी बोलत राहिलो.

घंटा मी ऐकल्या. चौकातल्या चर्चच्या घंटा हॉलच्या भिंतीतूनही ऐकू येतात. त्यांचा मी बोलण्यात उपयोग केला. म्हणालो, "ऐका, हीच ती वेळ." आणि लोकांनी मान खाली घातली, आणि मी सुद्धा घातली, स्टेजवर, माईक हातात धरून. मग मला जाग आल्यासारखं झालं आणि मी माईक तसाच ठेवून पळालो.

दालनातलं टेबल रिकामं होतं. पांढरं कापड घडी करून ठेवलेलं होतं. तिकीट खिडकीवरची बाई, गाड्या लावणारा आणि बाहेर संत्र्याचा रस विकणाऱ्या दोघी उभ्या होत्या. प्रत्येकाच्या हातात पाव होता. त्यांच्या गुडघ्यांना धूळ लागलेली होती. मामाय खाली वाकून हातानं चुरा गोळा करत होती. फोटो तिनं आधीच पाठीवरच्या गाठोड्यात बांधला होता.

"झालं?" मी विचारलं.

"बारा वाजले की."

"मला बोलवायचं ना, मामाय!"

"बोलावलं."

"मी आलो होतो साहेब," गाड्या लावणारा म्हणाला. तो माझी बाजू घेतल्यासारखं बोलत होता. "तुम्ही बघितलंत माझ्याकडं. थांब म्हणालात. मी म्हटलं साहेब येतायत. पण घंटा सुरू झाल्या, आजी म्हणाल्या आता थांबता येत नाही."

एवढ्यात हॉलची दारं उघडली आणि सगळे बाहेर आले. हळू, देवळात शिरल्यासारखे. दोन पोरं कॅमेरे घेऊन पुढं आली. हिमेनानं रिकामं टेबल बघितलं आणि तिच्या चेहऱ्याचा रंग गेला.

"आजी, झालं सुद्धा? अगं बाई. चूक माझी आहे, मी वेळ बघायला हवी होती." तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. मग ती लोकांकडे वळून बघत हळूच म्हणाली, "आजी, रागावू नका. हे सगळे त्यासाठीच आलेत. एकदा परत करता येईल का? अगदी थोडक्यात. पाव आहेत ना अजून? काका?"

ती मला विचारत होती. मी नाही म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी टोपलीत बघितलं.

पाव पुरतील का, हे मी बघितलं. मधे मोठी बाहुली ठेवली, बाकीचे पसरून मांडले, ऊस अजून कोपऱ्यात होते, तर समोरून भरल्यासारखं दिसेल. एवढं सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं. मान वर केली तर मामाय माझ्याकडे बघत होती. मी काय बघितलं ते तिला कळलं होतं.

तिनं टोपली उचलली आणि माझ्या हातात दिली.

"घे. मांड," ती म्हणाली. "तुझे पाहुणे थांबलेत." मग हिमेनाला म्हणाली, "तू रडू नको, पोरी. तुझं काही नाही यात." जाता जाता ती परत वळली. "आणि मघाशी आत एवढे हसले ते कशाला रे? इथपर्यंत ऐकू आलं. कासी इथं असताना."

ती पायऱ्या उतरून गेली.

लोक वाट बघत होते. कोणी फोन काढले नव्हते, मान राखून उभे होते, त्यामुळे ते अजूनच कठीण झालं. ब्युनोस आयर्सचा माणूस अगदी पुढं होता, त्यानं हात छातीवर धरले होते. मी नाही म्हणालो. पण ते इतकं हळू आलं की हिमेना म्हणाली, "काय म्हणालात, काका?" परत म्हणण्याची ताकद माझ्यात नव्हती. मी टोपली घेऊन त्यांच्यामधून बाहेर पडलो.

पुनाताची मिनीबस सुटायला आली होती. मामाय ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर होती, शेजारी एक जाडा माणूस होता. मला तिच्या मागं जागा मिळाली. तिनं मागं वळून बघितलं नाही. बस दफनभूमीहून परतणाऱ्या माणसांनी भरलेली होती, सगळीकडे फुलांचा आणि चिचाचा वास होता.

"भाड्याचे सुट्टे आहेत का?" शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं मला विचारलं.

"मी कंडक्टर नाही."

"मग गळ्यात काय अडकवलंय?" तिनं ओळखपत्र उलटसुलट करून बघितलं आणि सोडून दिलं. मग तिला टोपली दिसली. तिनं हॅट काढली, मांडीवर ठेवली आणि आवाज बदलून विचारलं, "कोणाच्या नावानं, भाऊ?"

दोन दिवसांत टेबलासमोर इतकी माणसं येऊन गेली, त्यातल्या कोणी मला हे विचारलं नव्हतं. आणि आता विचारलं तर माझ्या तोंडातून नाव निघेना.

पुढून मामाय म्हणाली, "कासिमिरा. माझी लेक. तिसरं वर्ष."

"अरे देवा, शेवटचं," बाई म्हणाली आणि प्रार्थना म्हणायला लागली. तिची झाल्यावर मी तिला पाव दिला. मग पलीकडच्या सीटवरचं जोडपं म्हणालं, आम्हीही म्हणतो. ड्रायव्हरनं रेडिओ बंद केला. टोपली मागं गेली, एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर, आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी नाव विचारायचं, कोणीतरी सांगायचं, कासिमिरा, कासिमिरा. ज्यांनी तिला कधी बघितलं नव्हतं ती माणसं एकमेकांना तिचं नाव सांगत होती. ड्रायव्हरनं सुद्धा सिग्नलला थांबल्यावर म्हटली आणि खांद्यावरून हात मागं केला. मामायच्या शेजारचा जाडा माणूस पाव खाता खाता म्हणाला, "आजी, भाजलाय मात्र झकास."

"बडीशेप घालते मी," मामाय म्हणाली.

धरणापाशी टोपली फिरून परत आली आणि त्या माणसानं ती मामायच्या मांडीवर ठेवली. आत एकच बाहुली राहिली होती, गालावर थोडी करपलेली.

मी टोपी काढली. पुढं वाकलो.

"मामाय," मी म्हणालो. मग ते सोडून, दारात आलेली माणसं विचारतात तसं विचारलं, "कोणाच्या नावानं?"

ती समोरच्या रस्त्याकडे बघत राहिली. शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली, आता हा कोण म्हणून. धरण मागं पडलं. मला वाटलं ती सांगणार नाही, आणि तसं झालं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं.

"कासिमिरा ओरेयाना," मामाय म्हणाली.

मी प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. अर्ध्यावर मला शब्द आठवेनात. शेजारच्या बाईनं ते सांगितले आणि मी तिच्या मागून म्हणत गेलो. संपल्यावर मामायनं टोपलीतली बाहुली काढली आणि हात मागं करून मला दिली.

"देव तुमचं भलं करो," ती म्हणाली. प्रार्थना म्हणणाऱ्या परक्या माणसाला आमच्यात असंच म्हणतात.